गोळी दोघांच्या समोर

एसटी स्टँडच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर, लोकलच्या डब्यात एक जाहिरात गेली कित्येक वर्षं चिकटलेली आहे. 'पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा.' खाली मोबाइल नंबर. पावडर डाळीत, भाजीत, चहात मिसळायची, वास येत नाही, चव लागत नाही. ही जाहिरात पिणाऱ्यासाठी नसतेच, ती त्याच्या बायकोसाठी असते. थकलेली बायको तो नंबर फिरवते यात तिला दोष देता येणार नाही. तोवर मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथा झालेल्या असतात, माळ घालून झालेली असते, नवस बोलून झालेले असतात, पगाराच्या दिवशी कंपनीच्या गेटवर उभं राहूनही झालेलं असतं.

त्या पुड्यांत काय असतं हे विकणाराही धड सांगत नाही. पण पुडीच लागते असं नाही. मेडिकलमधून आणलेली डायसल्फिरामची गोळी कुटून जेवणात घालण्याचा प्रकार मानसोपचारतज्ज्ञांना चांगला परिचित आहे. दारू पोटात गेली की यकृत तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं आणि मग दुसऱ्या एका एन्झाइमच्या मदतीने त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट होतं. डायसल्फिराम हे दुसरं एन्झाइम बंद पाडतं. मग ॲसिटाल्डिहाइड रक्तात साचत जातं आणि थोड्याच वेळात चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, डोकं ठणकतं, उलट्या सुरू होतात, रक्तदाब उतरतो. हृदयविकार असलेल्या माणसाच्या हे जिवावर बेतू शकतं. शेवटची गोळी घेतल्यानंतरही जवळजवळ दोन आठवडे हा धोका राहतो. ज्याला गोळीची कल्पना आहे तो या भीतीने गुत्त्याची पायरी चढत नाही. ज्याला कल्पना नाही तो नेहमीसारखी क्वार्टर मारतो आणि त्याची रवानगी थेट दवाखान्यात होते.

एरवी ही गोळी चांगली आहे, स्वस्त आहे, आणि गेली पंचाहत्तर वर्षं वापरात आहे. तिचा गुण यायचा तर ती दोघांच्या समोर, दोघांच्या संमतीने घेतली गेली पाहिजे. व्यसनावरच्या जवळजवळ सगळ्याच औषधांना हे कमी-अधिक लागू आहे, आणि आपल्याकडच्या उपचारात याकडेच सर्वात कमी लक्ष दिलं जातं. औषध डॉक्टरच्या खात्यावर, समुपदेशन केंद्राच्या खात्यावर आणि संसार बायकोच्या खात्यावर, अशी वाटणी झालेली आहे.

या गोळीचा शोध दारूसाठी लागलेलाच नव्हता. १९४० च्या दशकात कोपनहेगनमध्ये एरिक याकोबसेन आणि येन्स हाल्ड हे दोघे संशोधक जंतांवरचं औषध म्हणून डायसल्फिरामचा विचार करत होते. नवं औषध आधी स्वतः घेऊन पाहायचं, हा त्यांच्या प्रयोगशाळेचा शिरस्ता होता. गोळ्या चालू असताना जेवणासोबत बिअर घेतली की आपल्याला मरणाचं अस्वस्थ वाटतं, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि मग त्यांनी धागा जुळवला. १९४८ साली 'लॅन्सेट'मध्ये निबंध आला आणि 'अँटाब्यूज' नावाने ती गोळी जगभर गेली. सुरुवातीच्या काळात तर काही डॉक्टर रुग्णाला मुद्दाम दारू पाजून ही प्रतिक्रिया 'दाखवत' असत. ती पद्धत पुढे सोडून दिली गेली, आणि बरं झालं.

पुढची तीसेक वर्षं मात्र अनुभव असा आला की रुग्ण गोळ्या घरी नेतो आणि काही दिवसांत त्या कपाटात पडून राहतात. १९८६ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांमधून रिचर्ड फुलर आणि सहकाऱ्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ६०५ पुरुष. गोळी देऊन घरी पाठवलेल्यांमध्ये कायम दारूमुक्त राहण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त निघालं नाही. नेमाने गोळी घेणारे जेमतेम वीस टक्के होते. या निकालावरून 'डायसल्फिराम निकामी' असा समज पसरला.

गंमत अशी की त्याच्या चार वर्षं आधीच याचं उत्तर मिळालेलं होतं. नेथन ॲझ्रिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली एका ग्रामीण दवाखान्यातल्या रुग्णांचे तीन गट केले. गोळी सगळ्यांनाच दिली. पहिल्या गटाला नेहमीच्या पद्धतीने. दुसऱ्या गटात ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी, जोडीदारासमोर किंवा जवळच्या माणसासमोर गोळी घ्यायची, हे दोघांना शिकवून पक्कं करून घेतलं. तिसऱ्या गटाला याशिवाय नोकरी, नाती, मोकळा वेळ यांवर काम करणारी पूर्ण वर्तनोपचाराची जोड दिली. सहा महिन्यांनी दिसलं ते असं: लग्न झालेल्यांना, सोबत राहणाऱ्यांना दुसरा उपाय पुरेसा ठरला, ते जवळजवळ पूर्ण कोरडे राहिले. एकट्या माणसांना तिसऱ्या गटातली सगळी मदत लागली. गोळी तीच होती, फरक समोर बसलेल्या माणसाचा होता.

आणि मुंबईचं उदाहरण तर आपल्या घरातलंच आहे. डॉ. अविनाश डी सूझा आणि डॉ. ॲलन डी सूझा यांनी २००४ साली एक वर्षाच्या तुलनात्मक अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शंभर पुरुष, निम्म्यांना डायसल्फिराम, निम्म्यांना नॅल्ट्रेक्सोन हे दारूची मजा कमी करणारं दुसरं औषध. अट एकच: औषध वेळेवर घेतलं जातंय की नाही हे पाहणारं घरचं माणूस हवं. वर्षाअखेर डायसल्फिरामच्या गटातले ८६ टक्के दारूपासून दूर होते, नॅल्ट्रेक्सोनच्या गटातले ४४ टक्के. तलफ मात्र नॅल्ट्रेक्सोनवाल्यांची कमी झालेली होती. कोण कोणती गोळी घेतंय हे इथे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे शास्त्राच्या काटेकोर कसोटीत या अभ्यासाला उणे गुण देणारे देतील. पण या औषधाची मात्रा माहितीतच आहे. 'मी गोळी घेतली आहे' हे ज्ञान वगळलं तर उरतं काय? फुलर यांच्याकडे नेमाने गोळी घेणारे वीस टक्के आणि मुंबईत दारूपासून दूर राहिलेले ८६ टक्के, ही मापं एकच नसली तरी त्यांच्या मधे आपली कुटुंबव्यवस्था उभी आहे. तिच्यावर एरवी कितीही टीका करावी, इथे तिचं काम नाकारता येत नाही.

*

जोडीदाराने समोर बसायचं म्हणजे नेमकं काय करायचं? यात खरी कसोटी आहे, कारण बसायचं कसं हे कळलं नाही तर त्याची पोलीस चौकी होते. 'आ कर, जीभ वर कर, गिळलीस का दाखव.' असं पंधरा दिवस चाललं की गोळीही जाते आणि बोलणंही जातं.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन इथे टिमथी ओफॅरल यांनी दारूग्रस्त जोडप्यांसाठी उपचाराची एक पद्धत बसवली. आठवड्याला एक, अशा बारा ते वीस बैठका, दोघांच्या एकत्र. तिच्या मुळाशी रोजचा एक करार आहे. तो आपल्याकडच्या स्वयंपाकघरात कसा दिसेल ते पाहू. सकाळचा चहा झालेला आहे, मुलं शाळेत गेलेली आहेत. नवरा म्हणतो, 'गेले चोवीस तास मी प्यायलो नाही. पुढचे चोवीस तास पिणार नाही. तू साथ देतेस, बरं वाटतं.' मग तो पाण्याबरोबर गोळी घेतो. बायको म्हणते, 'तुम्ही काल प्यायला नाहीत, मला बरं वाटलं. काही मदत लागली तर सांगा.' आणि ती भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकटीत बरोबरची खूण करते, दुधाच्या खाड्याशेजारी. सगळं मिळून दोन मिनिटं लागतात.

नवरा-बायकोने एकमेकांना असं तोंडावर 'बरं वाटलं' म्हणण्याची आपल्याकडे रीत नाही. पहिल्या आठवड्यात दोघांनाही संकोच वाटणारच. त्या संकोचापायी हा भाग गाळला तर मागे उरते ती नुसती गोळी, आणि नुसत्या गोळीचं काय होतं ते वर आलंच आहे.

कराराची दुसरी बाजू त्याहून अवघड आहे. बैठकीबाहेर मागचं उकरून काढायचं नाही आणि पुढची धास्ती बोलून दाखवायची नाही. 'बहिणीच्या लग्नात तुम्ही काय तमाशा केलात', 'उद्या मित्राकडे जाताय, मला माहीत आहे काय होणार', ही वाक्यं फक्त थेरपिस्टच्या समोर. बारा वर्षं सोसलेल्या बाईला हे सांगणं म्हणजे तिच्यावर अन्याय आहे असं प्रथम वाटतं. पण तिचं बोलणं इथे कुणी बंद करत नाही. तिच्या रागाला आठवड्याचा एक ठरलेला तास मिळतो, आणि त्या तासाला तिचं ऐकायला नवरा शुद्धीत बसलेला असतो. पुष्कळ जणींना असा तास लग्नानंतर पहिल्यांदाच मिळतो.

आता औषध आणि थेरपी एकत्र दिल्याने फायदा दुप्पट होतो का? या प्रश्नाला खरं उत्तर द्यायला हवं. २००६ साली अमेरिकेत 'कम्बाइन' नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात १,३८३ रुग्ण होते. नियमित वैद्यकीय पाठपुराव्यासोबत नॅल्ट्रेक्सोन दिलं तरी पिण्याचे दिवस कमी झाले, वर्तनोपचार दिला तरी कमी झाले. दोन्ही एकत्र दिल्यावर त्यात आणखी भर पडली नाही. ज्यांना एकच काहीतरी मिळू शकतं त्यांच्यासाठी ही दिलाशाची बातमी आहे. मात्र तिथे मोजले गेले ते पिण्याचे दिवस. घराचं मोजमाप वेगळं असतं. ओफॅरल आणि सहकाऱ्यांनी २००४ साली, जोडप्याने उपचार घेतलेल्या ३०३ विवाहित पुरुषांच्या घरांचा हिशोब मांडला. उपचाराआधीच्या वर्षात साठ टक्के घरांत बायकोवर हात उचलला गेला होता. उपचारानंतरच्या वर्षात हे प्रमाण चोवीस टक्क्यांवर आलं आणि ज्यांची दारू पूर्ण सुटली त्यांच्या घरांत बारा टक्क्यांवर, म्हणजे दारूचा प्रश्न नसलेल्या घरांइतकंच. हे बारा टक्केही शरमेचेच आहेत, पण दारू सुटण्याला किती अर्थ आहे हे त्यातून कळतं. आणि जिथे मारहाण जिवावर बेतण्याइतकी आहे तिथे जोडप्याची थेरपी लावायचीच नसते. तिथे आधी त्या बाईची सुरक्षितता. असं घर ओळखता येणं हे समुपदेशकाचं पहिलं कौशल्य मानलं पाहिजे.

महाराष्ट्रात बायकोच्या दुखण्याकडे लक्ष गेलं ते बाहेरच्या अभ्यासांमुळे नव्हे. मुंबई-पुण्यात गर्दने थैमान घातलं, अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी पुढे केलेल्या देणगीतून २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. ते उभं केलं डॉ. अनिता अवचट यांनी. दारूच्या रुग्णांच्या बायकांचा 'सहचरी' हा गट तिथे निघाला. नवरा दाखल असताना बायकोनेही येऊन बोलायचं, आपल्यासारख्या दुसऱ्या बाईचं ऐकायचं. नवऱ्याचं व्यसन हा आपला दोष नाही, हे तिला कुणीतरी सांगणं ही उपचाराची अर्धी वाट आहे. कारण घरी सासू तिलाच विचारत असते, 'गोळी दिलीस का?' गोळी देण्याची जबाबदारी तिची, आणि तो प्यायला तर चूकही तिचीच. जोडीदाराच्या देखरेखीचं मी इतकं कौतुक केलं, म्हणून हेही तितक्याच स्पष्टपणे लिहायला हवं: देखरेख म्हणजे जामीन नव्हे. तिने समोर बसायचं आहे. प्यायचं की नाही हे त्याचं त्याने ठरवायचं आहे.

*

इथवर एकच जण पिणारा होता. दोघेही व्यसनात असतील तर?

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत पुरुषांमध्ये दारू पिण्याचं प्रमाण २७.३ टक्के आणि बायकांमध्ये १.६ टक्के आढळलं. त्यामुळे 'दोघेही' हा प्रश्न आपल्याकडे दुर्मीळ मानून बाजूला ठेवला जातो. पण बाईचं पिणं दाराआड असतं, आणि ती विचारणाऱ्याला हो म्हणेलच असं नाही. तिचं यकृत पुरुषापेक्षा कमी दारूने आणि कमी वर्षांत खराब होतं. तिच्यासाठी जागाही कमी आहेत. मुक्तांगणने 'निशिगंध' हा स्त्रियांचा स्वतंत्र विभाग काढला, तो याच गरजेपोटी. नवरा गोळी घेतो तेव्हा समोर बायको बसते. बायको गोळी घेते तेव्हा समोर कोण बसतं, हा प्रश्न ज्या घरात विचारला जाईल ते घर पुढे गेलेलं आहे.

दोघे व्यसनी असले की प्रेम आणि नशा यांची गाठ पडते. जेनी सिमन्स आणि मेरिल सिंगर या संशोधकांनी २००६ साली हेरॉइन घेणाऱ्या जोडप्यांवर लिहिलं, त्यात हे नेमकं दिसतं: एकाला अंगदुखी, उलट्या सुरू झाल्या की दुसरा आपल्या वाट्यातला माल त्याला देतो. ती काळजीच असते, आणि तीच दोघांना बांधून ठेवते. अशा जोडप्याला 'एकमेकांपासून दूर राहा' एवढंच सांगून केंद्रं मोकळी होतात. जोडप्यांच्या थेरपीचे बहुतेक अभ्यास तर एकच जोडीदार व्यसनी असलेल्या घरांवर झालेले आहेत. ओफॅरल यांचा करार जसाच्या तसा इथे लावता येत नाही, कारण समोर बसणाऱ्याचाच हात थरथरत असतो.

इथे औषधाचं काम आधी येतं, बोलण्याचं नंतर. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत फेफरं येऊ शकतं, भ्रम होऊ शकतो, माणूस दगावू शकतो. एक जण सोडत असेल तर दुसरा निदान रिक्षा बोलावतो. दोघांनी घरातल्या घरात एकाच दिवशी सोडली तर लक्ष ठेवायला कुणीच उरत नाही. म्हणून ही पहिली पायरी डॉक्टरच्या देखरेखीखालीच चढायची. तिथे काही दिवस क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम कमी-कमी करत देतात. सोबत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व हवंच, कारण ते कमी पडलेल्या मेंदूला कायमची इजा होते. त्यानंतर प्रत्येकाचं औषध वेगळं ठरतं. नॅल्ट्रेक्सोनने दारूची मजा कमी होते, पण अफूवर्गातली वेदनाशामकं चालू असतील तर ते देता येत नाही. यकृत खराब असेल तर अकॅम्प्रोसेटचा विचार होतो, आणि मूत्रपिंडं खराब असतील तर तेही बाद.  नवऱ्याची चिठ्ठी दाखवून बायकोसाठी तीच गोळी आणणं म्हणूनच घातक आहे.

गर्द किंवा हेरॉइन असेल तर ब्यूप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही औषधं जीव वाचवतात, आणि हे वाक्य मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे. मेथाडोनचा उपचार न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वॉन्डर यांनी उभा केला. त्यांचा पहिला निबंध आला १९६५ साली, आणि त्याच वर्षी या दोघांनी लग्न केलं. भारतात नॅको ही राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था २००७-०८ पासून केंद्रांवर ब्यूप्रेनॉर्फिन देते आहे. गोळी जिभेखाली, परिचारिकेच्या समोर, विरघळेपर्यंत. दोघांना व्यसन असेल तर ही पद्धत फार उपयोगी पडते. एकाने दुसऱ्याची गोळी घेण्याचा, विकण्याचा, उद्यासाठी ठेवण्याचा प्रश्न बराच सुटतो, आणि दोघांचं दिवसातलं एक काम ठरून जातं. आपल्याकडे 'एक नशा सोडली, दुसरी धरली' असं म्हणून घरचेच औषध बंद करायला लावतात. काही महिने हेरॉइन थांबवलेल्या माणसाचं शरीर त्याचा जुना डोस पेलू शकत नाही, आणि औषध मध्येच तोडलं की तो पहिल्याच जुन्या डोसने मरू शकतो. मधुमेहाची गोळी चालू ठेवायला लाज वाटत नाही, तशीच या गोळीचीही वाटायला नको.

दोघांची गती सारखी नसते, याची तयारी ठेवावी लागते. एकाची दारू सुटते, दुसऱ्याची स्लिप होते, म्हणजे तो पुन्हा पितो. सुटलेल्याला मग घरात बाटलीसोबत राहायचं असतं. दोघांचे वेगळे डॉक्टर, निदान वेगळ्या फाइली, आणि थेरपीचा एक तास एकत्र, अशी रचना यासाठी हवी. त्या तासात आधी ठरवून ठेवायचं: उद्या तू प्यायलास तर मी कुठे जाईन, मुलं कुठे झोपतील, कपाटाची किल्ली कुणाकडे राहील. हे शांत दिवशी ठरलं तर वादळाच्या दिवशी पाळता येतं.

एवढं सगळं करायला माणसं कुठे आहेत, असा प्रश्न येईल. तो रास्त आहे. त्याच २०१९ च्या पाहणीप्रमाणे दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळालेला होता. गोव्यात मात्र 'संगाथ' या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांकडून काम करून घेतलं. हानिकारक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांचा हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के तीन महिन्यांत धोक्याच्या रेषेखाली आले, इतरांपैकी २६ टक्के. हे लोक पूर्ण व्यसनाधीन झालेले नव्हते, त्यामुळे हा आकडा गर्दवाल्याला किंवा रोज सकाळी पिणाऱ्याला लावता येत नाही. पण बोलण्याच्या उपचारासाठी मोठ्या पदव्याच लागतात असं नाही, हे गोव्याने दाखवलं. औषधासाठी डॉक्टर लागेल, तालुक्याला आठवड्यातून एक दिवस आला तरी चालेल. बोलण्यासाठी गावातली शिकवलेली माणसं चालतील. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ही जोडी लावायला सरकारला कुणी अडवलेलं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या विकारांचा समावेश आहे. त्यामुळे या उपचारावर माणसाचा हक्क कागदावर तरी लिहिलेला आहे.

तुमच्या घरात किंवा शेजारी असं जोडपं असेल तर केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेची १४४१६ या दोन्हींवर फोन करायला पैसे पडत नाहीत, टेलिमानसवर मराठीत बोलता येतं. फोन दोघांनी मिळून करा, स्पीकरवर ठेवून. औषध कोणतं, कुणासाठी, किती महिने, कोणत्या तपासण्या करून, आणि औषधासोबत आम्ही दोघांनी बोलायला कुणाकडे जायचं, एवढं विचारून घ्या. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका.